प्रायव्हेट आयलंडवरची 'निसर्ग वाचवणारी' लक्झरी रिसॉर्ट्स खरंच काही करतात, की नुसतं मार्केटिंग?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, लग्नाला २५ वर्षं होतायत, सेशेल्समधल्या एका प्रायव्हेट आयलंड रिसॉर्टचं डोक्यात आहे, त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय की तुमच्या पैशातून बेटावरचा निसर्ग वाचतो, आणि मिस्टर म्हणतात हे सगळे गिऱ्हाईक पकडायचे धंदे. आणि शेवटी हळूच विचारलंय की हापूसची पेटी नेता येईल का. ताई, तिन्हीची उत्तरं देतो, पण आधी सांगतो की मी ट्रॅव्हल एजंट नाही आणि पक्षीतज्ज्ञ तर अजिबात नाही. माझं पेस्ट कंट्रोलचं काम आहे, तुर्भ्याला ऑफिस, ऐरोलीला घर, गेली २२ वर्षं उंदीर मारतोय. हसू नका, तुमच्या प्रश्नाला माझ्याइतका कामाचा माणूस सापडणार नाही.

कारण असल्या बेटांवर निसर्ग वाचवणं म्हणजे रुपयातलं बारा आणे काम उंदराचं असतं. हे ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही. तिथे कासव असतं, सूर्यास्त असतो, पांढऱ्या कपड्यातली बाई योगा करत असते. उंदराचा फोटो टाकून कोण बुकिंग करणार?

आधी आमच्याकडचं सांगतो म्हणजे पटेल. मागे एका धान्याच्या गोडाऊनचं काम होतं (कुठलं ते विचारू नका, गिऱ्हाईक आहे), शेठ म्हणाला एकच उंदीर आहे हो, दोन दिवसांचं काम. आता एक उंदीर ही गोष्टच जगात नसते. भिंतीच्या कडेला जमिनीपासून दोन बोटं वर काळपट तेलकट पट्टा होता, उंदीर रोज एकाच वाटेने भिंतीला अंग घासत जातो त्याने तो पडतो, बोट फिरवलं की मेणासारखं चिकट लागतं, आणि तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत होता म्हणजे किती पिढ्या गेल्या असतील विचार करा. सव्वा महिना लागला साफ करायला. आणि मग पंधरा दिवसांत परत आले, पोत्यांबरोबर ट्रकमधून, कारण शटरखालची अंगठा जाईल एवढी फट बुजवा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं आणि शेठने तीनदा हो म्हटलं होतं.

आता हेच बेटावर नेऊन बघा. सेशेल्सची ही छोटी बेटं, तिथे माणूस यायच्या आधी उंदीर, मांजर, डुक्कर असलं काहीच नव्हतं, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना भीती हा प्रकारच माहीत नाही, जमिनीवर फिरतात, हाताला येईल अशा ठिकाणी अंडी घालतात. आपला दयाळ पक्षी माहितीय ना, काळा-पांढरा, येऊरला सकाळी शीळ घालतो तो? त्याचा सेशेल्समधला एक भाऊबंद आहे, मॅगपाय रॉबिन, आणि तो एका वेळेला एकच अंडं घालतो. एकच. आणि उंदरीण बावीस-तेवीस दिवसांत सात-आठ पिल्लं टाकते आणि परत तयार. हा सामना कोण जिंकणार ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हा पक्षी सगळीकडून संपत संपत शेवटी फ्रेगेट नावाच्या एकाच बेटावर उरला होता आणि तिथेही एकेकाळी पंचवीसच्या आत.

आणि मग १९९५ मध्ये त्या फ्रेगेटवर उंदीर पोचला. घुशीसारखा मोठा ब्राउन रॅट, आपल्या गटारांतला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धंद्याच्या नजरेने वाचलं, की बाबा यांनी केलं काय. तर २००० साली हेलिकॉप्टरने अख्ख्या बेटावर औषध टाकलं, ब्रोडिफॅकम, आम्ही ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवतो ना त्याच घराण्यातलं, रक्त गोठू देत नाही. याची खुबी अशी की उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, काही दिवस जातात, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही की कशाने मेला. पण पक्ष्याने खाल्लं किंवा औषध खाल्लेला किडा खाल्ला तर पक्षीही जातो, म्हणून आधी ते मॅगपाय रॉबिन पकडून पिंजऱ्यात सांभाळले, उंदीर संपल्यावर परत सोडले. दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर एकही उंदीर शिल्लक ठेवायचा नाही. गाभण मादी एक जरी राहिली तर सगळा खर्च समुद्रात. मी एका सोसायटीचे सहा मजले शंभर टक्के साफ करून दाखवतो असं कोणाला लिहून देणार नाही. (आणि इथे मेलेला उंदीर घार उचलून नेते तेव्हा तिचं पुढे काय होतं याचा हिशोब आम्ही ठेवत नाही, हेही खरंय.)

आता मिस्टरांच्या मुद्द्यावर येतो. हेलिकॉप्टर, औषध, बाहेरून आणलेली माणसं, नंतर वर्षानुवर्षं पहारा, याला पैसा लागतो आणि तो एवढ्याशा देशाच्या वनखात्याकडे पडून नसतो. नॉर्थ आयलंड म्हणून तिकडे बेट आहे, तिथे आधी नारळाची बाग होती, खोबऱ्याचा धंदा सत्तरच्या दशकात बसला, माणसं गेली आणि मागे उंदीर, मांजरं, गुरं आणि रान माजलेलं सोडून गेली. १९९७ मध्ये ते एका टुरिझमवाल्या कंपनीने घेतलं, २००३ ला तिथे फक्त ११ व्हिला सुरू केले, एका रात्रीचं भाडं लाखांत. ब्रिटनचे प्रिन्स विल्यम २०११ मध्ये हनिमूनला तिथेच गेलेले. उंदरांवरचा पहिला हल्ला फसला, २००५ ला परत केला तेव्हा जमलं, आणि २००७ मध्ये दुसऱ्या बेटावरून २५ चष्मेवाले पक्षी आणून सोडले, तेही नामशेष व्हायच्या यादीतले. म्हणजे सरळ हिशोब असा की राजपुत्राच्या हनिमूनच्या बिलातून उंदरांना दूर ठेवायचा खर्च निघतो. याला मार्केटिंग म्हणायचं तर म्हणा, चष्मेवाल्याला काय फरक पडतो.

पण मिस्टर अगदीच चुकत नाहीत. बेटावर उंदीर पोहत कमी आणि बोटीतून जास्त येतो, आणि बोट कोणासाठी येते? रिसॉर्टसाठी. गाद्या, टाइल्स, कांदे-बटाटे, दारूचे क्रेट, सगळं बाहेरून. म्हणजे जे रिसॉर्ट उंदीर घालवायला पैसे देतं त्याच रिसॉर्टच्या मालातून उंदीर परत यायची सोय असते, माझ्या शेठच्या शटरसारखी. म्हणून रिसॉर्ट खरं की खोटं हे मला विचाराल तर मी एवढंच बघीन की माल कुठे उघडतात. चांगल्या बेटांवर आलेला माल आधी उंदीर-बंद खोलीत नेतात, दार लावतात, मगच खोकी उघडतात, म्हणजे आतून काही पळालं तरी खोलीतच सापडेल. तुम्ही बुकिंगच्या आधी ईमेल करा की तुमची बायोसिक्युरिटी (म्हणजे बाहेरचे जीव बेटावर घुसू नयेत म्हणूनचा बंदोबस्त) काय आहे, माल कुठे तपासता, उंदीर घालवलेत तर कुठल्या वर्षी, आणि बेटावर पगारी कॉन्झर्व्हेशन स्टाफ किती. खरं करणारा असेल तर चार पानी उत्तर येईल, ही माणसं या विषयावर बोलायला टपलेली असतात. आणि 'वुई केअर फॉर नेचर' असं एका ओळीत आलं की समजायचं, प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद केल्यात आणि टॉवेल रोज धुत नाहीत, बस.

आता मी स्वतः कुठे राहिलो? लक्झरीत नाही हो. आम्ही दोघं सेशेल्सला गेलो ते प्रालां बेटावर साध्या गेस्टहाउसमध्ये, बायकोला समुद्र बघायचा होता आणि मला ते कझिन बेट. कझिनवर रिसॉर्ट नाहीच, रात्री राहूच देत नाहीत. १९६८ मध्ये पक्षी वाचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते बेट विकत घेतलं एका छोट्या वटवट्यासाठी, सेशेल्स वॉर्बलर, जगात तीसच्या आत उरलेले आणि सगळे त्याच ७० एकराच्या आसपासच्या जागेत. बेटावर नशिबाने उंदीर कधी पोचले नव्हते, नारळ लावून ठेवलेले ते काढले, मूळचं जंगल वाढू दिलं आणि पक्षी शेकड्यांत गेले, मग तिथून १९८८ ला अराइड, १९९० ला कझीन (हे वेगळं बेट, नाव जवळजवळ तेच, गोंधळू नका), २००४ ला डेनिस, २०११ ला फ्रेगेट असे वाटले. यातली कझीन, डेनिस, फ्रेगेट ही खासगी बेटं, म्हणजे रिसॉर्टवाल्यांनी घर दिलं असं म्हणा.

तिथे आमची बोट किनाऱ्याला लागूच दिली नाही. बाहेर पाण्यात थांबवली, बेटावरचा माणूस त्यांची स्वतःची छोटी बोट घेऊन आला, त्यात बसवलं आणि त्याने ती फुल स्पीडमध्ये सरळ वाळूवर घुसवली, बायको माझ्या मांडीवर आणि पाण्याची बाटली समुद्रात. बाकीच्यांना गंमत वाटली, मला मात्र त्या बोटीच्या नियमाचं एवढं कौतुक वाटलं की मी त्या गाइडला सांगितलं आय ॲम रॅट मॅन फ्रॉम बॉम्बे, तो आधी दचकला. मग जास्त वेळ आमच्याशीच बोलला. आत गेलो तर पांढरा सुरय, शुभ्र पक्षी, घरटंच बांधत नाही, उघड्या फांदीवर नुसतं अंडं ठेवतो. एका फांदीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर राखाडी कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू एकटं बसलेलं, पायांनी फांदी घट्ट धरून, आई मासे आणायला गेलेली, आणि आम्ही हातभर अंतरावर उभे तरी ते हललं नाही, नुसतं बघत होतं. मला त्या क्षणी सुंदर वगैरे काही सुचलं नाही, मनात आलं की एक उंदीर, फक्त एक, आणि अशी फांदी रिकामी व्हायला एक रात्र पुरे. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, डास चावला. डास तिथे भयंकर आहेत, ओडोमॉस न्याच.

सगळीच बेटं मात्र राजपुत्रांची नाहीत. झांझिबारजवळ चुंबे बेट आहे, तिथे फक्त सात झोपड्या, छतावरचं पावसाचं पाणी साठवून वापरायचं, संडास कंपोस्टचे, फ्लश नाही, वीज सोलरवर. उंदीर त्यांनी १९९७ लाच काढले, आधी मासेमारी करणाऱ्यांनाच रेंजर केलं आणि तिथल्या शाळेच्या पोरांना प्रवाळ दाखवायला नेतात, मला हे सगळ्यात आवडलं. इंडोनेशियात मिसूल आहे, आधी तिथे शार्कचे पंख कापायचा तळ होता, आता गावकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेऊन आजूबाजूला मासेमारी बंद केलीय. आणि फ्रेंच पॉलिनेशियात हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडोचं बेट, टेटियारोआ, तिथे ३५ व्हिला, एसी खोल समुद्रातल्या थंडगार पाण्यावर चालतात, आणि २०२२ मध्ये तिथेही मोठी मोहीम कशाची केली? उंदरांचीच!

विमानाच्या धुराचा मुद्दा आहेच, तुम्ही इथून उडून जाणार, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि आपल्या दारातली खाडी पण बघा जाता जाता. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ऐरोलीहून भरतीचं गणित बघून बोट सुटते, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. आणि आमच्याकडे निसर्ग वाचवायची उलटी पद्धत आहे, पाणथळ जागेकडे तोंड करून टॉवर उभे करायचे आणि 'फ्लेमिंगो व्ह्यू' म्हणून स्क्वेअर फुटाला जास्त लावायचे. त्यातला एक रुपया फ्लेमिंगोला जात असेल तर मला दाखवा, मी त्यांचं पेस्ट कंट्रोल फुकट करीन.

जायचं की नाही? पंचवीस वर्षं झालीत, पैसे साठवलेत, जा की. मी तुमच्या जागी असतो तर दोन रात्री त्या प्रायव्हेट बेटावर आणि बाकीचे दिवस प्रालांला साध्या जागी, एक सकाळ कझिनला (वीकडेलाच जा, शनिवार-रविवारी नेत नाहीत), एक दिवस व्हॅली द मे, तिथे तो दर्याई नारळ झाडावर लागलेला बघायला मिळतो, जो आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात तुकड्याने मिळतो आणि आजी उगाळून द्यायची. बजेट फारच ताणलं तर बर्ड आयलंड आहे, साधे बंगले, पण मे ते सप्टेंबरमध्ये लाखांनी सुरय उतरतात, कलकलाट इतका की मिस्टरांचा मार्केटिंगचा मुद्दा ऐकूच येणार नाही. व्हिसा आधी काढावा लागत नाही, फक्त ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन भरा.

हापूसचं म्हणाल तर नाही. परवान्याशिवाय ताजी फळं, रोपं, बिया तिथे नेता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पेटीत गवत असतं, गवतात काय काय असतं ते मला विचारा. बुटांचे तळवे घासून घ्या, बॅगेच्या चेनमध्ये आणि वेलक्रोमध्ये कुसळं अडकलेली असतात ती काढा. बाकरवडी सीलबंद पाकिटातली न्या. आणि आंबे निघायच्या आदल्या रात्री घरीच संपवा, पेटी उरली तर ऐरोली काही लांब नाही.