घर सजवताना : जुनी फ्रेंच खुर्ची, नवा दिवाणखाना

प्रश्न : ताई, नात्यातल्या एका घरातून आमच्याकडे दोन जुन्या फ्रेंच खुर्च्या आल्या आहेत. पाय वळणदार, पाठीच्या माथ्यावर कोरलेली फुलं, हातांखालची बाजू मोकळी. कापड पार विरलं आहे. आमचा दिवाणखाना अगदी साधा : पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, काचेचं टेबल. खुर्च्या तिथे विजोड दिसतील, म्हणून लाकूड पांढरं रंगवून घ्यावं आणि वर नक्षीदार मखमल लावावी, असं घरच्यांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : रंगाचा डबा तूर्त उघडू नका. तुम्ही वर्णन केलेल्या खुर्च्या अठराव्या शतकातला फ्रेंच राजा लुई पंधरावा याच्या काळच्या शैलीतल्या ‘फोतोय’, म्हणजे हातांखाली मोकळ्या खुर्च्या, आहेत. हातांखालची बाजू कापडानं बंद केलेली असते आणि बैठकीवर सुटी गादी असते, ती ‘बेर्जेर’. बेर्जेर भरीव दिसते, तिला भोवती ऐसपैस जागा लागते. फोतोयच्या आरपार जमीन आणि भिंत दिसते, त्यामुळे ती लहान खोलीतही दाटी करत नाही. तुमचं काम इथेच निम्मं सोपं झालं.

पांढरी भिंत तर अशा खुर्चीला फारच मानवते. वेलबुट्टीच्या वॉलपेपरसमोर तिची वळणं हरवतात. कोऱ्या भिंतीसमोर पायाचा बाक, हाताचं वळण, माथ्यावरचं फूल सगळं स्वच्छ उठून दिसतं. फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओरनं १९४७ मध्ये पॅरिसच्या अव्हेन्यू माँतेन्यवर आपलं दालन उघडलं, तेव्हा फिकट राखाडी-पांढऱ्या रंगसंगतीत लंबगोल पाठीच्या, पुढचा राजा लुई सोळावा याच्या काळच्या शैलीतल्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे २००२ मध्ये फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कनं त्याच घाटाची पारदर्शक प्लॅस्टिकची खुर्ची केली. कापड नाही, लाकूड नाही, कोरीवकाम नाही, तरी ती ओळखू येते. या खुर्च्यांचा सगळा जीव त्यांच्या बाह्यरेषेत आहे. त्यांना खोलीत ‘मिसळून’ टाकायचा हट्ट कशाला? त्या वेगळ्या दिसू द्या.

लाकडाबद्दल आणखी एक. अठराव्या शतकात बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाचे कितीतरी सांगाडे मुळातच रंगवलेले किंवा सोनेरी मुलाम्याचे असत; अक्रोडाचे बहुधा लाकडाच्या रंगातच ठेवत. तेव्हा कोरीवकामाच्या खोबणीत बॅटरीचा उजेड टाकून बघा. जुन्या रंगाचे कण सापडले, तर नवा हात मारणं म्हणजे तो पुरावाच बुजवणं. कण नसले तरी मी मेण लावून थांबेन.

कापड मात्र बिनधास्त बदला. त्या काळी श्रीमंत घरांत उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं कापड वेगळं असे. काही खुर्च्यांची बैठक आणि पाठ चौकटीसकट काढता येई, ती याचसाठी. पण नक्षीदार मखमल नको. लाकडावर इतकी हालचाल आहे की वरचं कापड शांतच हवं : जाड लिनन किंवा लोकर, एकाच रंगाची. राखाडी सोफ्याजवळ पुन्हा राखाडी घेऊ नका. गडद हिरवा किंवा गंजासारखा लालसर तपकिरी घ्या. पाठीच्या मागच्या बाजूला वेगळं कापड लावता येतं, आणि नक्षीची हौस तिथे भागवता येते.

गादीकाम करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा : आतले घोड्याचे केस फेकायचे नाहीत. ते धुऊन, पिंजून पुन्हा भरता येतात. फोमचा चौकोनी ठोकळा घातला की बैठक फुगते, कडा ताठ होतात आणि लाकडाचं वळण मेलंच म्हणून समजा. खिळेही जपून मारायला सांगा. दर वेळी कापड बदलताना त्याच पट्टीत नवी भोकं पडतात आणि लाकूड चिरत जातं.

मांडणीआधी पाठ पाहा. सपाट पाठीच्या खुर्च्या भिंतीला लागून ठेवत. किंचित खोलगट पाठीच्या खुर्च्या गप्पांसाठी इकडेतिकडे हलवत, त्या खोलीच्या मधोमध शोभतात. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना द्वारपालासारख्या उभ्या करू नका. दोन्ही सोफ्यासमोर ठेवा, किंवा एक खिडकीजवळ दिव्याखाली. त्याआधी बैठकीची उंची टेपनं मोजा. हल्लीचे सोफे बुटके असतात. फरक जास्त असेल, तर खुर्चीतला माणूस सोफ्यावरच्याशी वरून खाली बघत बोलतो आणि गप्पा काही रंगत नाहीत.

प्रश्न : आमच्या फ्रेंच खुर्चीखाली एक शिक्का आहे. म्हणजे ती अस्सल अठराव्या शतकातली समजायची का?

उत्तर : नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. पॅरिसच्या सुतार-संघाच्या १७४३ च्या नियमांनी कारागिरांना नावाचा शिक्का मारणं बंधनकारक केलं आणि १७९१ मध्ये असे संघच बरखास्त झाले. राजदरबारासाठी काम करणाऱ्यांना सूट होती, म्हणून शिक्का नसलेली खुर्चीही अस्सल असू शकते. आणि शिक्का बनावटही असतो. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यानं विकत घेतलेल्या काही खुर्च्यांबद्दलच २०१६ मध्ये बनावटगिरीचं प्रकरण उघडकीला आलं होतं!

खुर्ची उलटी करून सांध्यांवरून बोट फिरवा. जुन्या सांध्यातली हातानं तासलेली लाकडी खुंटी नेमकी गोल नसते. शिवाय भोवतालचं लाकूड आकसल्यामुळे ती बोटाला किंचित वर आलेली लागते. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला रंध्याचे असमान ओरखडे हवेत. तिथे गुळगुळीत, एकसारखं यंत्रकाम दिसलं तर खुर्ची नंतरची. फ्रेंच सम्राट नेपोलियन तिसरा याच्या काळात, म्हणजे १८५२ ते १८७० मध्ये, लुई पंधराव्या आणि सोळाव्याच्या शैलीतल्या खुर्च्या भरपूर बनल्या. तुमची त्यातली निघाली तर हिरमुसू नका. रोज बसायला मला त्याच जास्त आवडतात. त्यांच्यावर मुलांना ओरडावं लागत नाही.

प्रश्न : खुर्चीच्या सोनेरी मुलाम्यावर धूळ बसली आहे. ओल्या फडक्यानं पुसू का?

उत्तर : अजिबात नको. सोन्याच्या वर्खाखाली खडू आणि सरसाचा थर असतो, पाण्यानं तो सुटतो. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. वर्ख कुठे उचलला गेला असेल, तर तिथे ब्रशही लावू नका. ते काम दुरुस्तीच्या जाणकाराकडे द्या.