घोड्याचं शेडिंग: गडद कुठे करायचं ते हाडं सांगतात

तुमची लेक घोड्याची बाह्यरेषा छान काढते, पण शेडिंग केलं की तो रबरी फुग्यासारखा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही चित्रं निरखून पाहिली. रेषेत खोट नाही. मान आणि पाठ तर सुरेख आली आहे. तिने सगळीकडे कडेला गडद, मधे फिकट केलंय आणि वरून बोटाने चोळलंय. असं केलं की काहीही फुग्यासारखंच दिसणार. बोट आधी बंद करा. बोटाचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि मग तो डाग खोडरबरानेही नीट निघत नाही.

घोड्याचे केस आखूड, कातडी पातळ. त्यामुळे आतली हाडं आणि स्नायू बाहेरून कळतात, आणि सावली पडते ती त्यांच्यामुळे. जॉर्ज स्टब्स हा इंग्रज चित्रकार १७५६ च्या सुमारास लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी जवळजवळ दीड वर्ष मेलेले घोडे थराथराने सोलून त्यांची चित्रं काढत होता. ती १७६६ मध्ये छापली गेली आणि आज नेटवर सहज बघायला मिळतात. लेकीला ती जरूर दाखवा, घाबरणार नसेल तर.

सुरुवात फक्त डोक्याने करू द्या. डोळ्याच्या खालून नाकपुडीच्या दिशेने हाडाची एक धार जाते. उजेड वरून असेल तर धारेच्या वर उजळ आणि खाली लगेच सावली. तिच्या मागे गालाचा थाळीसारखा मोठा स्नायू, आणि तो संपतो तिथे जबडा नि मान यांच्यामधली खाच. ही खाच भरपूर गडद हवी. लेकीच्या चित्रात ती जवळजवळ कोरीच राहिली आहे. डोळ्यातली बाहुली आडवी, लांबट असते, आपल्यासारखी गोल नाही. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पडते, ती विसरली की डोळा बटणासारखा दिसतो.

पाय नळ्यांसारखे दिसतात त्याचंही कारण आतच आहे. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट, आणि मागच्या पायाचं ते टोकदार वळण म्हणजे टाच. त्याखाली मांसल स्नायू नाहीतच, पुढे हाड आणि मागे शिरेसारखे ताणलेले स्नायुबंध. या दोहोंमधे उभी पन्हळ असते. तिथे एक मऊ, अरुंद सावली दिली की नळीचा पाय होतो.

मी स्वतः हे शिकले माथेरानला. तिथे मोटारी नाहीत, घोडे भरपूर, आणि सकाळी तिरपं ऊन असताना ते एक मागचा पाय सैल सोडून निवांत उभे असतात. एकदा पोटाखाली बघितलं तर अगदी खालची बाजू काळी नव्हतीच! जमिनीवरून परतलेला उजेड तिथे पोचत होता. सगळ्यात गडद पट्टा त्याच्या थोडा वर होता. त्या दिवसापासून मी पोटाची खालची कड कधी ठासून काळी केली नाही.

साधन फार नको. एचबी, २बी, ६बी या पेन्सिली आणि बऱ्यापैकी कार्ट्रेज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. डोळे किलकिले करून आधी तीनच छटा: उजळ, मधली, गडद. केस सगळ्यात शेवटी, आणि पेन्सिल केसांच्या वळणानेच फिरवायची. कपाळावर भोवरा असतो, तिथून केस चहूकडे फिरतात. घोडा विकत घेणारी जुनी माणसं शुभ-अशुभ ठरवायला हे भोवरे फार बारकाईने बघतात. आपण सावलीसाठी बघायचे.

काळा घोडा काढताना चकाकीच्या जागा आधीच कोऱ्या ठेवा, नंतर खोडून ती चमक येत नाही. पांढऱ्यासाठी अंगाला कमी हात लावा, मागची पार्श्वभूमी गडद करा. बहुतेक पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्यांची कातडी आतून काळसर असते, म्हणून नाकपुड्या आणि डोळ्यांभोवती करडी छटा हवीच. नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा घोडा असेल तर मात्र तिथली कातडीही गुलाबीच असते, तिथे हात हलका ठेवा.

पुढच्या वेळी फक्त डोकं, तीनच छटांमधलं, न चोळलेलं टाका. उजेड कुठून येतोय त्याचा छोटा बाण कोपऱ्यात काढायला सांगा, म्हणजे कुठली सावली चुकली ते मला नेमकं सांगता येईल.