भंगारातून घेतलेल्या, सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन २० या जुन्या कॉम्प्युटरची सीडी ड्राइव्ह मेलीय, सोलॅरिस ८ ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी टाकू?

सीडी ड्राइव्हच्या मागे धावू नका. ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीचा बोर्ड घ्या, एसडी कार्डावरच्या फाइलींना तो स्कझी (डिस्क, सीडी जोडायची जुनी पद्धत) ड्राइव्ह म्हणून मशीनपुढे उभं करतो. मशीनच्या आतला हार्ड डिस्कचा कनेक्टर ८० पिनांचा असतो, बोर्ड बहुधा ५० चा. मध्ये अडॅप्टर लागेल.

खरी गोम नावात आहे. सन मशीन हार्ड डिस्क आयडी (स्कझीवरचा ड्राइव्हचा क्रमांक) ३ वर आणि सीडी ६ वर शोधतं, म्हणून फाइलींची नावं एचडी३, सीडी६ अशी (कार्डावर अर्थातच रोमन लिपीत). शिवाय सनला सीडीचे ब्लॉक ५१२ बाइटचे लागतात, नेहमीचे २०४८ चालत नाहीत. मी ठाण्यात घरी यातच दोन रविवार घालवले. शेवटी सीडीच्या फाइलीच्या नावाला अंडरस्कोर ५१२ जोडलं आणि गाडी हलली.

मग ओके प्रॉम्प्टवर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीची सनची आज्ञा-ओळ) 'बूट सीडीरॉम'. कीबोर्ड नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला सिरियल केबल, वेग ९६०० बॉड. रूट पार्टिशन (डिस्कवरचा सिस्टिमचा मुख्य भाग) पहिल्या २ जीबीतच ठेवा.

'आयडीप्रॉम' (मशीनची ओळख साठवलेला भाग) अवैध असल्याची ओरड झाली तर घाबरू नका. ही माहिती जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपच्या पोटातली बॅटरी संपलीय, इतकंच. चिप कोरून बाहेरून सीआर२०३२ हा बटण सेल जोडता येतो. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत पिनाही काळ्या पडतात, तेव्हा आधी त्या पुसून बघा.

सोलॅरिस १० च्या नादी लागू नका, या मशीनवर ९ पर्यंतच चालतं.