आग लागली तर आयसीयूतले रुग्ण बाहेर काढायची तयारी रुग्णालयांत खरंच असते का?

कागदावर असते, पण बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात ती अपुरी पडते. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये कोविड आयसीयूतले ११ रुग्ण गेले. बंद एसी खोलीत ज्वाळांच्या आधी धूर जीव घेतो.

रुग्णाला थेट रस्त्यावर आणायचं नसतं. आधी त्याच मजल्यावर, अग्निरोधक दारापलीकडच्या वॉर्डात हलवायचं; गरज पडली तरच रॅम्पने खाली. लिफ्ट अजिबात नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला तीन-चार माणसं लागतात: एक अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबणार, एक सिलिंडर आणि औषधाचा पंप सांभाळणार, बाकीचे पलंग ढकलणार. रात्रपाळीला एवढे हात नसतात, म्हणून ड्रिल रात्रीच घ्यायला हवं, आणि वॉर्डबॉय, मावशी, सुरक्षारक्षक यांच्यासह.

सर्वात जास्त घोळ ऑक्सिजनवर होतो. कक्षाबाहेरच्या भिंतीवरचा झोन व्हॉल्व्ह (त्या कक्षाचा ऑक्सिजन तोडणारी झडप) बंद करायचा, पण रुग्ण सिलिंडरवर घेतल्यानंतरच, आणि तो निर्णय कोणाचा हे आधी ठरलेलं हवं. भरलेला बी टाइप, म्हणजे सोबत नेता येणारा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने सुमारे अडीच तास पुरतो. मात्र तो उघडायची चावी सिलिंडरलाच बांधलेली हवी.

दर जानेवारी-जुलैला अग्निशमन विभागाकडे द्यायचा बी फॉर्म अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं सांगतो, माणसं सरावलेली आहेत असं नाही. तुमचा रुग्ण दाखल असेल तर जिन्याचं दार ढकलून बघा. कुलूप दिसलं तर लगेच लेखी तक्रार द्या.