जुना मॉडिफाय केलेला ट्रक घेऊ की स्वतःचा बांधून घेऊ, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, फोटो पण बघितले सगळे. गाडी दिसायला झकास आहे यात वाद नाही, हौदा उंच केलाय, मागं लांबवलाय, नवा कलर, केबिनवर कॅरियर, पुढं लाईटांची माळ. तू लिहिलंयस की काका एवढं सगळं काम झालेली गाडी मिळतेय, चेसीस (गाडीचा खालचा सांगाडा) घेऊन बॉडी बांधायची म्हणलं तर दोन महिने जातील आणि टोमॅटोचा सीझन डोक्यावर आलाय. तुझी घाई मला कळते रे, पण घाईतच मी पहिली गाडी घेतली होती आणि त्याची सगळी गोष्ट तुला आजवर कुणी सांगितली नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी पहिली गाडी, टाटा ४०७, एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. त्याने हौदा दीड फूट मागं वाढवलेला, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दोन-दोन जास्त टाकलेले, त्यामुळे माल भरला तरी गाडी मागून बसायची नाही, आणि मला वाटलं वा, काय दणकट गाडी मिळाली. पिंपळगावहून वाशीला टोमॅटो घेऊन जायचो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात कसारा घाट उतरताना ब्रेक जड लागायला लागला, मग करपल्याचा वास, मग चाकातून धूर. देवाची कृपा म्हणून एका वळणाच्या अलीकडे कडेला घेता आली. मिस्त्रीने ड्रम उघडले तर लायनर जळून काळे पडलेले आणि गाडीखाली शिरला तर मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी (पाटे जिथे चेसीसला अडकवतात तिथे) चेसीसला चीर, नव्या रंगाखाली झाकलेली. त्या रात्री घाटात बसून मी पहिल्यांदा समजून घेतलं की पाटे वाढवले म्हणजे गाडीची ताकद वाढत नाही, फक्त गाडी बसलेली दिसत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, चेसीस तीच, आणि आरसीवरचं वजनही तेच. वाढतो फक्त भरणाऱ्याचा मोह.

आणि मागं वाढवलेल्या हौद्याचं आणखी एक आहे. मागच्या चाकांच्या पलीकडे जितका माल जाईल तितकं पुढचं टोक हलकं होतं, तराजूसारखं. स्टिअरिंग हातात सैल लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं धरत नाहीत. नियमात सुद्धा मागच्या एक्सलच्या मागं किती लांबी निघू शकते ते व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांवर बांधलेलं आहे. तू फोटो पाठवलेल्या गाडीचा व्हीलबेस आरसीवर बघ आणि टेप घेऊन मागचा भाग मोज. मला फोटोवरून तो जास्तच वाटतोय.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली, तेव्हापासून असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे बदल त्या माणसाने केलेत, पण गाडी तुझ्या नावावर झाली की आरटीओच्या फिटनेस तपासणीला उभा तू राहणार. ८ वर्षांच्या आतल्या गाडीला दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि तिथे लांबी-उंची आरसीशी जुळली नाही तर हौदा कापून मापात आणून ये असं सांगतात. माझ्याबरोबर नेमकं हेच झालं. वाढवलेल्या हौद्याचे पैसे गाडीच्या किमतीत मोजले आणि तोच कापायचे पैसे वर दिले.

ओव्हरलोडचं तर कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असं लिहिलंय, शिवाय माल तिथंच उतरवायचा खर्च आपला. टोमॅटो रस्त्यावर उतरवून ठेवला तर त्याचं काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं ते वाचून मी थांबलोच. गाडी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातली) आहे आणि मालक म्हणतो 'युरियाची कटकट काढून टाकलीये', म्हणजे धूर साफ करायला युरियाचं पाणी सोडणारी यंत्रणाच बंद केलीये. बाळा, ही एक गोष्ट ऐकूनच मी त्या गाडीपासून लांब राहिलो असतो. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांचं इंजिन, सायलेन्सर, सेन्सर सगळं एकमेकांशी बोलत असतं, त्यातलं एक बंद करायचं म्हणजे कॉम्प्युटरला खोटं शिकवायचं, आणि असं काम करणारा माणूस पुन्हा काही बिघडलं की सापडत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलीस तर आधी सगळं मूळ स्थितीत आणा म्हणतील, आणि त्या पार्टच्या किमती ऐकून तुझा घाम निघेल. बीएस-६ गाडीच्या चेसीसवर कुणी बॅटरी न काढता वेल्डिंग केलं असेल तर तेही महिन्याभराने बाहेर येतं, वायरिंगचे असे दोष येतात की मिस्त्री पण थकतो.

म्हणून माझं सरळ मत, कुणी काही बदल न केलेली जुनी गाडी बघ, चेसीस आणि इंजिन चांगलं असलेली, भले हौदा गंजलेला असू दे, कलर उडालेला असू दे. आणि मग हौदा आपल्या मापाचा, नियमात बसवून बांध. नवी चेसीस घेऊन बांधणं वाईट नाही, पण पहिल्याच गाडीला तुझ्यावर एवढा हप्ता मला नको वाटतो, त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय (ड्रायव्हरसाठी ही फार चांगली गोष्ट झाली, उन्हाळ्यात ती केबिन म्हणजे भट्टी असते). नवी घेतलीसच तर हप्ता चेसीस ताब्यात आल्यावर सुरू होतो आणि गाडी बॉडीवाल्याकडे उभी असते हे धरून चल, तीन आठवडे सांगतात आणि दोन महिने लागतात.

माझी दुसरी गाडी अशीच, कुणी बदल न केलेली जुनी. बेकरीचा माल वाहणारी, आयुष्यात कधी वजन न बघितलेली, दिसायला अगदी साधी. पहिला पूर्ण सीझन मी तिला हातच लावला नाही, जुन्या हौद्यावरच चालवली आणि एका वहीत लिहीत गेलो, कुठे अडचण येते, काय सांडतं, हमाल कुठे कुरकुर करतात. सीझन संपल्यावर वही घेऊन बॉडीवाल्याकडे गेलो. ती गाडी ११ वर्षं माझ्याकडे होती.

मापाचं एक उदाहरण देतो, यावरून तुला कळेल मी वही का म्हणतोय. आपला टोमॅटोचा क्रेट साधारण ५४ सेंटीमीटर लांब, ३६ रुंद. १४ फुटी हौदा आतून ४२७ सेंटीमीटरच्या आसपास. लांबीत ८ क्रेट लावायचे तर ४३२ लागतात, म्हणजे जेमतेम २ इंच कमी पडतात! मग ७ उभे लावून शेवटची रांग आडवी फिरवायची, तरी पाचेक इंच फट राहते, त्यात पोती कोंबायची, आणि घाटात ब्रेक मारला की तिथूनच थर सरकतो. दुसऱ्याने कांद्याच्या गोण्यांसाठी बांधलेल्या हौद्यात ही फट कधीच कळत नाही कारण गोणी दबते, क्रेट दबत नाही. बांधतानाच हे बघितलं तर आरसीच्या मापाला धक्का न लावता पण आतून जागा निघते, कधी फाळक्याच्या बिजागऱ्या बाहेर घेऊन, कधी पुढची पाटी पातळ करून. जाताना स्वतःचे दोन क्रेट घेऊन जा, बॉडीवाल्याच्या टेपवर विश्वास ठेवू नको.

बॉडी चेसीसवर बसवताना खाली लाकडाची पट्टी आणि यू-बोल्ट, हे डोळ्याने बघ. चेसीसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, थेट वेल्डिंग करायचं नाही, तिथूनच चिरा सुरू होतात. लोखंड जाड टाकायचा आग्रह धरतील, मजबूत होईल म्हणतील, पण हौद्याचं प्रत्येक किलो तुझ्या मालातून वजा होतं. बदल आरसीवर चढवून घे आणि नवी चेसीस असेल तर फॉर्म २२-ए (गाडी नियमात बसते असा दाखला) चा दुसरा भाग बॉडीवाल्याने सही करून द्यायचा असतो, तो देणाराच बॉडीवाला निवड. पक्कं बिल घे, विम्यात बॉडीची किंमत त्या बिलावरच धरतात. बिल नसेल आणि उद्या काही झालं तर हौदा विम्याच्या लेखी नाहीच.

एवढं सांगूनही तुला तयार मॉडिफाय गाडीच घ्यायची असेल तर एका परिस्थितीत मी हो म्हणेन, आधीचा मालक तुझ्यासारखाच क्रेटचा माल नेत असेल, बदल आरसीवर असेल, आणि बॉडीचं बिल दाखवत असेल. अशा गाड्या असतात, आणि मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन घे.

कोणतीही गाडी असो, टोकन द्यायच्या आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घाल. पावती शंभर-दोनशेच्या आत मिळते आणि तिच्याएवढं खरं कुणी बोलत नाही. समजा आरसीवर रिकामं वजन २,९०० किलो आहे आणि काट्यावर ३,२५० आलं, तर ३५० किलो कुणीतरी लोखंडात घातलेत, म्हणजे प्रत्येक खेपेला तुझे पंधरा-सोळा क्रेट घरीच राहिले, नाहीतर तू रोज ओव्हरलोड. मग हँगर ब्रॅकेटपाशी टॉर्च मार, तेवढ्याच जागी रंग ताजा दिसला तर नखाने खरवडून बघ, मालकाला राग आला तरी येऊ दे. अ‍ॅपवर चलन, टॅक्स, फिटनेस बघ. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी, आणि विमा १४ दिवसांत तुझ्या नावावर करून घे. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विकणारा विम्याचा जो हप्ता सांगतोय त्यावर हिशोब मांडू नको.

आण्णांशी बोललो नाहीये अजून, ते तुझ्यावर सोडलंय त्यांनी आणि ते बरंच आहे. त्या माणसाला सध्या नाही पण म्हणू नको, हो पण म्हणू नको, रविवारी गाडी बघायला येतो एवढंच सांग. मी सकाळी सातला फाट्यावर थांबतो, येताना टेप, टॉर्च, जुनी चादर आणि दोन रिकामे क्रेट घेऊन ये. आधी काट्यावर जाऊ, मग मी गाडीखाली शिरतो आणि तूही माझ्याबरोबर शीर, तो हँगर कसा बघायचा ते हात लावून दाखवतो.

तुझा काका

ता.क. फोटोत गाडीला पुढं लावलेले ते लोखंडी गार्ड तर काढावेच लागतील, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. त्याचे पैसे तो किमतीत लावत असेल तर कमी करून घे.