चालण्याची वाट पाहत थांबू नका

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. सातव्या महिन्यातच जन्मला, काचेच्या पेटीत ठेवला होता. सेरेब्रल पाल्सी असल्याचं निदान झालंय, फिजिओथेरपी चालू आहे. पण तो खेळण्यांकडे बघत नाही, हाकेला कधी वळतो, कधी नाही. वाटीभर खिमट भरवायला तास जातो, मध्येच ठसका लागतो. सासूबाई म्हणतात, पाय चालले की बाकी आपोआप होईल. नणंद म्हणते, त्याला समजतच नाही. कुणाचं ऐकू?
– एक आई, बार्शी

ताई, या बाबतीत दोघींचंही ऐकू नका.

सेरेब्रल पाल्सीत (सीपी) इजा मेंदूला झालेली असते, त्यामुळे हातापायांबरोबर नजर, ऐकणं, गिळणं, बोलणं यांवरही तिचा परिणाम होऊ शकतो. पाय सुधारले म्हणून ते सुधारत नाही. आणि समजेविषयी म्हणाल, तर सीपीच्या साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, निम्म्यांना नसते. ज्याला नीट दिसतं-ऐकू येतं की नाही हेच तपासलेलं नाही, त्याला ‘समजत नाही’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

नजरेचं मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तेच सर्वांत जास्त निसटतं. काही मुलांचे डोळे निरोगी असतात, पण डोळ्यांनी टिपलेलं मेंदूला उलगडत नाही. अशा मुलाला खेळण्यांच्या ढिगात काहीच सापडत नाही. काळ्या कापडावर एकच पिवळा चेंडू ठेवा, हळूच हलवा आणि वाट बघा, घाई करू नका. काही मुलं चेंडूकडे बघतात आणि मग मान वळवून हात पुढे करतात. तसं दिसलं तर नेत्रतज्ज्ञांना जरूर सांगा. ‘डोळे नॉर्मल आहेत’ एवढ्यावर परत येऊ नका. कानांसाठी बेरा तपासणी करून घ्या. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते त्यात यंत्रावर कळतं, मुलाने उत्तर द्यावं लागत नाही.

ठसक्याचं मात्र लांबवू नका. अन्न श्वासनलिकेत जात राहिलं तर वारंवार न्यूमोनिया होऊ शकतो. आडवं धरून भरवू नका. पाठ ताठ, मान किंचित पुढे ठेवा. घास छोटा द्या. खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर गिळण्याची तपासणी याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. पातळ पदार्थाचा ठसका लवकर लागतो. किती दाट करायचं, ते थेरपिस्टच सांगतील.

तो मध्येच टक लावून स्तब्ध होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. सीपीच्या 4 पैकी जवळपास एका मुलाला फिट येतात आणि त्या दर वेळी हातपाय झटकणाऱ्याच असतात असं नाही. खुब्याचा एक्स-रेही विचारा. सांधा हळूहळू सरकत असताना सुरुवातीला दुखतही नाही.

हे सगळं मोफत होऊ शकतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीताईंकडे तारीख विचारा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत की ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो.

आणि ताई, त्याच्याशी बोलत राहा. भरवण्याआधी वाटी दाखवा, ‘जेवायचं?’ विचारा आणि तो डोळ्यांनी, हाताने किंवा आवाजाने काय उत्तर देतो ते वहीत लिहून ठेवा. थेरपिस्टना तीच वही दाखवा.