आंबोलीतले लाल पक्षी

प्रश्न : जानेवारीत आंबोलीला गेलो होतो. एका उंच झाडाच्या शेंड्यावर तीन-चार लालभडक आणि काळे पक्षी दिसले, त्यांच्यासोबत पिवळेधमकही होते. पुढे गर्द झाडीत खालच्या फांदीवर लाल पोटाचा एक मोठा पक्षी एकटाच बसला होता. हे सगळे एकाच जातीचे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, या दोन जाती. शेंड्यावरचे ते निखार. लाल-काळे नर, पिवळ्या-राखाडी माद्या. दोघांची नक्षी जुळवून पाहा : नराच्या पंखावर, कमरेवर आणि शेपटीच्या कडांना जिथे लाल, तिथेच मादीला पिवळा. जुन्या पुस्तकांत हा पक्षी हिमालयातल्या निखाराच्याच जातीत धरलेला दिसेल. आता सह्याद्री-श्रीलंकेतला वेगळा मानतात. त्याचा लाल जरा नारिंगीकडे झुकतो. पुण्याच्या टेकड्यांवर बाभळींतून दिसतो तो छोटा गोमेट. त्याचं डोकं राखाडी, नारिंगी-लाल मुख्यतः छातीवर.

खालचा एकटा पक्षी मात्र मलबारी कर्णा असणार. दाट जंगलात लाल रंगावर भिस्त ठेवू नका, पक्षी बसतो कुठे आणि कसा हे आधी बघा, असं मी सगळ्यांना सांगते ते याच्यामुळेच. निखार पानापानांतून किडे टिपत सतत पुढे सरकतात, घटकाभर एका जागी ठरत नाहीत. कर्णा ताठ बसतो, लांब चौकोनी शेपूट सरळ खाली सोडून. आणि चाहूल लागली की बहुतेक वेळा पाठ फिरवतो. मग समोर उरते ती तपकिरी पाठ, आणि तीन हातांवरचा पक्षी वाळक्या पानांत हरवतो. मान तेवढी हळूच वळते, डोळ्याभोवतीची निळी कडा दिसते, तेव्हा कळतं की तो आपल्याकडेच बघतोय! फोटो असेल तर काळी छाती आणि लाल पोट यांच्यामध्ये पांढरी पट्टी शोधा. ती असली तर तो कर्ण्याचा नरच. मादीला हा लाल नाहीच. तिचं पोट फिकट नारिंगी-तपकिरी असतं.

परत जाल तेव्हा मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका, विशेषतः फेब्रुवारी ते मे. हे विणीचे दिवस. कर्णा कुजक्या, भुसभुशीत खोडात चोचीने ढोली कोरतो, ताज्या लाकडात त्याला ते जमत नाही. म्हणून तुमच्याकडे देवराई किंवा खासगी रान असेल, तर उभी वाळलेली खोडं ‘साफसफाई’ म्हणून तोडू देऊ नका. गावातल्या मंडळींशी यावर जरूर बोला. कर्ण्याच्या घराची जागा तीच आहे.